वायबीसीओच्या स्फटिकांसाठी बेरियम झिर्कोनेटची मूस

वायबीसीओचे, म्हणजे यिट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइड या अतिवाहकाचे, स्फटिक बिघडतात ते बहुतेक वेळा मुशीमुळे. बेरियम आणि कॉपर ऑक्साइडचा वितळलेला रस जवळजवळ कोणतीही मूस खातो. अॅल्युमिनाच्या (अॅल्युमिनियम ऑक्साइडच्या) मुशीतलं अॅल्युमिनियम स्फटिकातल्या तांबे-ऑक्सिजनच्या साखळ्यांमध्ये तांब्याच्या जागी जाऊन बसतं. मग ते काढता येत नाही. झिर्कोनियाची (झिर्कोनियम ऑक्साइडची) मूस त्यापेक्षा बरी, पण ती रसातलं बेरियम शोषून भिंतीवर बेरियम झिर्कोनेटचा थर धरते आणि रसाचं प्रमाण सरकत राहतं.

१९९५ मध्ये जिनिव्हाच्या एर्ब, वॉकर आणि फ्लुकिगर यांनी मूसच बेरियम झिर्कोनेटची केली. जी अभिक्रिया व्हायची ती आधीच होऊन गेलेली, त्यामुळे रसाला खायला काही उरत नाही. स्फटिकांची शुद्धता ९९.९९ टक्क्यांच्या वर जाते.

मात्र मुशीतलं बेरियम-झिर्कोनियमचं प्रमाण काटेकोर १:१ हवं. हिशेबाने १०० ग्रॅम झिर्कोनियाला १६०.१५ ग्रॅम बेरियम कार्बोनेट लागतं. पण बाजारातल्या झिर्कोनियात हाफ्नियम असतंच. त्याचा ऑक्साइड, म्हणजे हाफ्निया, झिर्कोनियापेक्षा जड; तो वजनाने २ टक्के असेल, तर १५८.८ ग्रॅमच पुरे. हा फरक सोडला की जादा बेरियम ऑक्साइड कणांच्या सीमांवर साचतं, हवेतली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड ओढतं आणि मूस तडकते. उलट झिर्कोनिया उरला, तर रस त्याच सीमांतून आत शिरतो. सच्छिद्र मूसही अशीच गळते, म्हणून दाब सर्व बाजूंनी सारखा द्यावा आणि १७०० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजावं. भाजताना बेरियम उडतं. मूस त्याच पदार्थाच्या भुकटीत पुरून ठेवावी.

रसासाठी यिट्रियम, बेरियम, तांबं १:१८:४५ हे अणुप्रमाण चालतं. १०० ग्रॅम मिश्रणात यिट्रियम ऑक्साइड १.५६, बेरियम कार्बोनेट ४९.०३ आणि कॉपर ऑक्साइड ४९.४१ ग्रॅम. कार्बोनेटमधला वायू निघताना मिश्रण फेसाळतं, म्हणून सुरुवातीला तापमान सावकाश चढवावं. १००० अंशांच्या किंचित वर रस एकजीव झाला, की तासाला अर्धा ते एक अंश या गतीने उतरवावं. रस गोठण्याआधी ओतून टाकणं फार महत्त्वाचं. गोठलेल्या रसातून स्फटिक फोडून काढले तर ते तुटतात.

या अवस्थेत स्फटिकात ऑक्सिजन कमी असतो. ऑक्सिजनच्या प्रवाहात ५०० अंशांच्या आसपास ठेवावेत. जाड स्फटिकांना आठवडे लागतात.