वय बसत नाही

आमची मॅमोग्राफीची, म्हणजे कॅन्सर शोधायला स्तनांचा एक्स-रे काढण्याची, गाडी त्या दिवशी देवगड तालुक्यातल्या एका शाळेच्या पटांगणात उभी होती. मशीन माझ्याकडे. शिबिर म्हणून बायका अंघोळ करून, पावडर लावून येतात आणि आमची सकाळ त्यांच्या काखा पुसण्यात जाते. पावडरचे कण फोटोत पांढरे ठिपके होऊन उमटतात. कॅन्सरची सुरुवातही कधीकधी तशीच दिसते.

दुपारी मुंबईचा एक मुलगा 84 वर्षांच्या आईला घेऊन आला. तक्रार काहीच नाही. ‘‘फुल चेकअप करून टाका.’’ सरकारी कार्यक्रमात स्तनांची तपासणी 30 ते 65 वयाला, तीही मशीनने नाही, हाताने. अमेरिकेतल्या तज्ज्ञांनीही 2024 मध्ये मॅमोग्राफीची शिफारस 40 ते 74 पर्यंतच केली. 75 नंतर पुरेसा पुरावा नाही म्हणाले. निरोगी बाईला मॅमोग्राफीचा फायदा पदरात पडायला दहाएक वर्षं जातात. हे सांगितलं तर मुलगा तडकला, ‘‘म्हणजे म्हाताऱ्या माणसांनी मरायचं?’’ आयोजकांना आकड्याची घाई. ‘‘घ्या हो मॅडम, एक वाढला.’’ डॉक्टरांनी सही केली.

पाठीला बाक, त्यामुळे हनुवटी सारखी प्लेटच्या आड येत होती. तिरक्या फोटोला काखेजवळचा स्नायू आत यावा लागतो, आणि आजींचा हात खांद्याच्या वर जाईना. स्टुलावर बसवलं, आशाताईंनी मागून धरलं. या वयात कातडी सोलवटते, म्हणून शेवटचा दाब मोटरने न देता चाक हाताने फिरवून दिला. चारही फोटो पहिल्या खेपेला आले. म्हातारपणी स्तनात चरबीच उरते, फोटो काळा येतो आणि पांढरं काही असेल तर लपत नाही.

आजींना ब्लाउज चढवायला सोबतच्या शेजारणीला आत बोलावलं. वय 79. सकाळी तिचं नाव घेतलं नव्हतं, ‘वय बसत नाही’ म्हणून. हुक लावता लावता ती म्हणाली, ‘‘बाय गो, माका पण हयसर गाठ आसा. दुखना नाय, म्हणान कोणाक सांगूक नाय.’’

निप्पल आत ओढलेलं, वरच्या कातडीला खळी. डॉक्टरांच्या हाताला काखेतही गाठ लागली. गाठ असलेल्या बाईला वयाची अट कुठेच नाही, पण यादी करणाऱ्याला ते कोण सांगणार? फॉर्मवर वयाचा रकाना पहिला, तक्रारीचा शेवटचा. तिला गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलची चिठ्ठी दिली. तपासणीत हार्मोनवर वाढणारा कॅन्सर निघाला, या वयात बहुधा तोच असतो. हृदय अशक्त म्हणून ऑपरेशन टाळून रोजची एक गोळी सुरू आहे. गाठ लहान झालीय, मजेत आहे.

84 च्या आजींच्या डाव्या बाजूला ठिपक्यांचा बारीक पुंजका दिसला. पावडर नव्हती, मी स्वतः पुसलं होतं. मुंबईत सुईने तुकडा काढला. कॅन्सर निघाला, पण दुधाच्या नळीतच थांबलेला, बाहेर न पसरलेला. तो पुढे पसरला असता की आजींसोबतच संपला असता, हे कोणीच छातीठोक सांगू शकत नाही. आता ऑपरेशनची तारीख ठरतेय, आणि आजींची झोप उडालीय.

मुलाचा फोन आला होता, आभार मानायला. फोटो इतके स्वच्छ होते म्हणून कळलं, म्हणाला.

मी विचारलं, ‘‘काहीच केलं नाही तर काय होईल, हे डॉक्टरांना विचारलंत?’’

‘‘असं कसं विचारणार, मॅडम?’’