चिठ्ठ्यांवरची साथ

सोलापुरात मॉक ड्रिल म्हणजे बहुतेक वेळा आग, नाहीतर बॉम्ब. भोंगा वाजतो, बंब येतो, हातापायाला लाल रंग फासलेली कॉलेजची पोरं स्ट्रेचरवर हसू दाबत पडतात आणि पाऊण तासात ‘यंत्रणा सज्ज’ अशी बातमी तयार होते. आगीचा सराव हवाच. १८ मे २०२५ला पहाटे अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या आगीत आठ जीव गेले, ते कुणी विसरलेलं नाही. पण त्याच वर्षी सप्टेंबरात सीनेला पूर आला आणि माढा, करमाळा, मोहोळकडची गावं पाण्यात गेली. पुराच्या सरावात बोट, दोर, लाईफ जॅकेट सगळं असतं. पाणी उतरल्यावर नळाला जे येतं त्याचा सराव क्वचितच होतो. कॉलऱ्याचा जंतू पोटात गेल्यापासून काही तास ते पाच दिवसांत लक्षणं दाखवतो. म्हणजे बचावपथकं परत गेलेली, पंचनामे सुरू झालेले, आणि तेव्हा वेशीपाशी पहिला जुलाबाचा रुग्ण.

साथीचा हा सराव मैदानात होत नाही, टेबलावर होतो. खर्च जवळपास शून्य. एक खोली, दहाबारा माणसं, हाताने काढलेला गावाचा नकाशा, लाल टिकल्यांची दोन पाकिटं आणि वेळ लिहिलेल्या चिठ्ठ्या. माणसं मात्र खरी हवीत: सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी (अजून सगळे ग्रामसेवकच म्हणतात), जलसुरक्षक (गावचं पाणी सोडणारा, त्यात क्लोरीन घालणारा), दोन आशा, उपकेंद्राची सिस्टर, प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी, पोलीस पाटील, महावितरणचा वायरमन. वायरमनला कुणी बोलावत नाही, आणि निम्मा सराव त्याच्याचपाशी अडतो. साहेबांनी आपल्या जागी क्लार्क पाठवला तर तारीख पुढे ढकला. क्लार्क निर्णय घेत नाही, टिपून घेतो.

चिठ्ठ्या वाटणारा एक आणि नुसतं पाहणारे दोघे. पाहणाऱ्यांनी मदत करायची नाही, भुवईसुद्धा उंचवायची नाही. घड्याळ बघून लिहायचं. फोन खरे लावायचे, पण प्रत्येक फोनच्या सुरुवातीला आणि शेवटी ‘हा सराव आहे’ असं म्हणायचं. नाहीतर संध्याकाळपर्यंत व्हॉट्सअॅपवर गावात कॉलरा पसरलेला असतो. आणि सरावापायी भागातली १०८ची गाडी अडवून ठेवू नका.

गाव धरा तीन हजार वस्तीचं, सीनेकाठचं. एक विहीर, ५० हजार लिटरची उंच टाकी, गटारीला लागून गेलेली पाइपलाइन. पूर ओसरून चार दिवस झालेत.

पहिली चिठ्ठी, सकाळी ९.१० : ‘आशाताईला वेशीजवळच्या तीन घरांत रात्रीपासून जुलाब-उलट्यांचे पाच रुग्ण दिसले.’ आशा सिस्टरला फोन लावते, सिस्टर डॉक्टरांना. हे ठीक. पाहणाऱ्याने एवढंच बघायचं, की जलसुरक्षकाला कोण कळवतं आणि किती मिनिटांनी. बहुतेक ठिकाणी कुणीच कळवत नाही, कारण जुलाब हे आरोग्य खात्याचं काम आणि पाणी ग्रामपंचायतीचं. दोघांच्या मध्ये जी फट आहे तिच्यातूनच साथ आत येते.

दुसरी चिठ्ठी ९.३० वाजता जलसुरक्षकाच्या हातात, त्याच पाच रुग्णांची खबर घेऊन. तो तडक उठतो आणि म्हणतो, टाकीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) ओततो. इथे थांबवायचं नाही, ओतू द्या. तासाभराने पाण्याचा नमुना मागणारी चिठ्ठी द्या, मग सगळ्यांच्या लक्षात येतं की नमुना आधी घ्यायचा होता. आता बाटलीत क्लोरीन मारलेलं पाणी आहे आणि अहवाल ‘पिण्यायोग्य’ येणार. आधी नमुना, मग टीसीएल, आणि दोन्हींमध्ये दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ जाता कामा नये. नमुन्याची बाटली निर्जंतुक, आत सोडियम थायोसल्फेट घातलेली (तो उरलेलं क्लोरीन निष्प्रभ करतो), बर्फात ठेवून २४ तासांच्या आत प्रयोगशाळेत.

आता टीसीएल किती? सगळे एका सुरात सांगतात, हजार लिटरला पाच ग्रॅम. म्हणजे ५० हजार लिटरला २५० ग्रॅम. बरोबर. पुढचा प्रश्न विचारा: पोतं कधी आणलं, आणि कुठे ठेवलंय? ताज्या पावडरमध्ये सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतं, म्हणजे पाच ग्रॅममागे लिटरला साधारण १.६५ मिलिग्रॅम. तेच पोतं पत्र्याच्या खोलीत, तोंड उघडं टाकून, सोलापूरचा अख्खा मे महिना काढून आलं आणि १५ टक्क्यांवर घसरलं, तर त्याच पाच ग्रॅमला ०.७५ मिलिग्रॅम. पुरानंतरचं गढूळ पाणी तेवढं टाकीतच खाऊन टाकतं आणि नळाला काहीच उरत नाही. रजिस्टरमध्ये मात्र रोज ‘२५० ग्रॅम’ लिहिलेलं, आणि ते खोटंही नसतं.

पावडर कशी घालायची हे बोलून दाखवू देऊ नका, बादली पुढे ठेवा. प्लास्टिकची बादली, लोखंडी नको. पावडरीत थोडं पाणी घालून आधी गुठळ्या मोडायच्या, मग पाणी वाढवायचं, ढवळायचं आणि दहापंधरा मिनिटं स्थिर ठेवायचं. चुना खाली बसतो. वरचं निवळ पाणी टाकीत, तळाचा चुना बाहेर. घाईत सगळी बादली उपडी करणारे असतातच. शिवाय टाकी भरत असताना सोडलं तर नीट मिसळतं; भरून झाल्यावर वरून टाकलं तर तसं मिसळत नाही. त्यानंतर किमान अर्धा तास, जमल्यास तासभर, व्हॉल्व्ह बंद.

ओटी टेस्ट (नळीतल्या पाण्यात थेंब टाकून पिवळ्या रंगावरून क्लोरीन ओळखायचं) टाकीखालच्या नळाला घेणं म्हणजे स्वयंपाकघरात उभं राहून पंगतीतल्या शेवटच्या माणसाला वाढलं असं समजणं. शेवटच्या घराच्या नळाला घ्या. तिथे लिटरला ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन दिसलं पाहिजे, साथीच्या काळात ०.५. थेंब टाकल्यावर रंग दहा सेकंदांच्या आत पाहायचा. नळी बाजूला ठेवून फोन घेतला आणि पाचदहा मिनिटांनी पाहिलं, तर पिवळा गडद दिसतो, कारण तोवर संयुक्त क्लोरीनही (पाण्यातल्या घाणीशी जोडलं गेलेलं, जंतू मारायला कमजोर) रंग देतं. ओटीची बाटली मुदतीतली आहे का, तेही तिथल्या तिथे बघा.

तिसरी चिठ्ठी वायरमनला : ‘काल पहाटे तीनपासून लाईट नव्हती, साडेसातला आली.’ याचा जुलाबाशी काय संबंध, असं तोच विचारतो. संबंध असा, की पाणी थांबलं की पाइपातला दाब जातो, आणि जिथे पाइप गटारीतून गेलाय, जॉइंट गळतोय किंवा व्हॉल्व्हचा खड्डा घाण पाण्याने भरलाय, तिथून बाहेरचं आत ओढलं जातं. सोलापूरकर वर्षानुवर्षं चार-पाच दिवसांआड पाणी भरत आलेत. दर वेळी पाणी सुटताना पहिलं पाणी कसं येतं ते त्यांना वेगळं सांगायला नको. नळाला तोट्या नसतात आणि नळ खड्ड्यात असतो, ही त्याच गोष्टीची दुसरी बाजू.

टिकल्यांचं काम इथे. प्रत्येक रुग्णाची चिठ्ठी येईल तशी आशाने नकाशावर त्याच्या घरावर टिकली लावायची आणि बाजूच्या वहीत नाव, वय, पहिला जुलाब किती वाजता, पाणी कुठलं. चिठ्ठ्या लिहिणाऱ्याने रुग्ण मुद्दाम एका व्हॉल्व्हच्या पुढे ठेवलेले असतात. बारापंधरा टिकल्या लागल्या की कुणीतरी, बहुतेक वेळा आशाच, म्हणते, ‘अहो, हे सगळे गटारीच्या पलीकडचे.’ हे वाक्य यायला किती वेळ लागला ते लिहून ठेवा. अख्ख्या सरावात याहून मोलाची दुसरी नोंद नाही.

मग डॉक्टरांची पाळी, ११ वाजता : ‘चाळिशीची बाई, वजन ५० किलो, डोळे खोल गेलेले, मनगटाला नाडी लागत नाही.’ हिला शिरेतून किलोला १०० मिलिलिटर, म्हणजे पाच लिटर रिंगर लॅक्टेट (आरएल, एक प्रकारचं सलाईन). ५०० मिलीच्या दहा बाटल्या. त्यातल्या तीन पहिल्या अर्ध्या तासात आणि सात पुढच्या अडीच तासांत. वर्षाखालच्या बाळाला तेच प्रमाण, पण पहिला हप्ता एका तासात आणि दुसरा पाच तासांत. तोंडी हे सगळ्यांना येतं. आता चिठ्ठीत संख्या वाढवा: ६० रुग्ण, त्यातले १० असे. शंभर बाटल्या झाल्या. आरोग्य केंद्राच्या स्टॉक रजिस्टरचं पान समोर उघडा. स्टँड किती? नसतील तर व्हरांड्यात दोरी बांधून बाटल्या टांगता येतात, पण दोरी आणि खिळे कुणी आणायचे ते आज ठरवा. राहिलेले ५० मध्यम धरले तर ७५ मिली किलोला, चार तासांत माणशी पावणेचार लिटर ओआरएस. एका पाकिटाचं एक लिटर होतं. पहिल्या चार तासांतच दोनशे पाकिटं. आणि ही पाकिटं कालवायची कशात? इथे खोली शांत होते. केंद्राचा नळही त्याच पाइपलाइनवर असतो. उकळलेल्या किंवा क्लोरीन तपासलेल्या पाण्याचे दोन झाकणाचे पिंप आधीच वेगळे ठेवा, असं कुणी आधी सुचवलं असेल तर त्याला शेंगाचटणीची पुडी बक्षीस.

शौचाचा नमुना प्रतिजैविक देण्याआधी. कॅरी-ब्लेअरच्या (जंतू जिवंत ठेवणारं माध्यम भरलेल्या) नळीत, आणि ही नळी बर्फात ठेवायची नाही, साध्या तापमानालाच न्यायची. इथे गंमत होते: पाण्याची बाटली बर्फात आणि शौचाची बर्फाविना असे दोन वेगळे नियम असल्याने घाईत दोन्ही लशींच्या डब्यात जातात. दोन पिशव्यांवर मोठ्या अक्षरात ‘बर्फ’ आणि ‘बर्फ नाही’ लिहून ठेवणं हा यावरचा उपाय, तोही सोलापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे जाणारी गाडी सुटण्याआधी.

मग दवंडीची चिठ्ठी. ‘पाणी उकळून प्या’ हे मराठीत सांगून झालं की काम संपलं असं वाटतं. गावात चालेल. पण हाच सराव शहराच्या पूर्व भागात घेतलात, तर विड्या वळणाऱ्या म्हाताऱ्या बायकांना तेलुगूत सांगावं लागेल, अक्कलकोटकडे कन्नडमध्ये, काही मोहल्ल्यांत दख्खनीत. घोषणा तिन्ही-चारही भाषांत आधी रेकॉर्ड करून ठेवा आणि सरावात ती ऐकून एखाद्या आजीला विचारा, काय करायचं म्हणाले? ‘पाणी बंद आहे’ असं उत्तर आलं तर रेकॉर्डिंग पुन्हा.

आषाढी जवळ आली की याच चिठ्ठ्या थोड्या बदलून नातेपुते, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी या पालखीच्या वाटेवर वापरता येतात. तिथे विहीर-टाकीच्या जागी टँकर येतो. १० हजार लिटरच्या टँकरला ५० ग्रॅम टीसीएल, भरतानाच, म्हणजे रस्त्याच्या हिंदकळण्याने मिसळतं आणि पोचेपर्यंत अर्धा तास होतो. मुक्कामावर पोचल्यावर घातलं तर वारकरी लगेच कळशा लावतात. सरावात ड्रायव्हरला विचारा: कुणी घातलं, किती वाजता, किती? ड्रायव्हर नुसता हसला तर चिठ्ठी यशस्वी. गर्दीत गाव कुठलं हेही बदलतं. रुग्णाच्या पत्त्यापुढे दिंडीचा क्रमांक आणि कालचा मुक्काम लिहिला नाही, तर टिकल्या लावायला नकाशाच उरत नाही.

अडीच तासांत थांबवा. जेवणाआधीच चर्चा, कारण जेवल्यावर सगळं छान झालेलं असतं. प्रत्येकाने एकच सांगायचं: कुठे अडलो. ‘समन्वय वाढवणे’, ‘जनजागृती करणे’ असली वाक्यं फळ्यावर लिहायची नाहीत. लिहायचं ते असं: व्हॉल्व्हच्या खड्ड्यातलं पाणी उपसून झाकण बसवणे, ग्रामपंचायत, १५ दिवस. टीसीएलचं पोतं झाकणाच्या पिंपात, सावलीच्या खोलीत, जलसुरक्षक, उद्या. आरएलच्या शंभर बाटल्या कुठून तासाभरात येतील ते ठरवणे, वैद्यकीय अधिकारी, आठवडा. आशांच्या फोनमध्ये जलसुरक्षकाचा नंबर, आत्ता, खोलीतून बाहेर पडायच्या आधी.

महिन्याने, न कळवता, सकाळी पाणी सुटायच्या वेळी पाहणाऱ्या दोघांपैकी एकाने ओटीची बाटली घेऊन गटारीपलीकडच्या शेवटच्या घरी जायचं, नळी भरायची, थेंब टाकायचे आणि दहा मोजायचे.