कातळावरची बाग आणि सातबाऱ्यावरचा पोटखराबा: माझा अनुभव

मस्कतहून आम्ही कायमचे परतलो ते पावसाळा संपता संपता. रत्नागिरीकडच्या आमच्या गावी सासऱ्यांनी कातळावर लावलेली हापूसची साठेक कलमं आहेत. सामान आणणं, बँकेची खाती बदलून घेणं, गॅस, रेशनकार्ड हे सगळं पार पडलं, त्यात लिहिण्यासारखं काही नाही. लिहायचंय ते सातबाऱ्याबद्दल. बाहेरून परतणाऱ्या कोकणातल्या पुष्कळ घरांना हे भोगावं लागेल आणि आधी कोणी सांगत नाही.

बाग बघून पोटात कालवलं. घाणेरी आणि रानमोडी डोक्याइतकी वाढलेली, गडगा ढासळलेला, जुन्या कलमांवर बांडगुळं. सासऱ्यांच्या वेळेपासून बागेत येणारे काका म्हणाले, "वैनी, आधी बेणणी होऊंदे. रान निघाल्याशिवाय झाड कळायचं नाही." त्यांचं खरं होतं. बेणणी झाल्यावर दोन कलमांच्या बुंध्याशी भुसा दिसला. भिरूड लागलं होतं. तारेचा आकडा घालून काकांनी अळ्या काढल्या, दोन्ही कलमं वाचली.

मग विम्याचा विचार आला. आंब्याचा फळपीक विमा काढायचा तर सातबाऱ्यावर आंब्याची नोंद हवी. आमच्या उताऱ्यावर पिकाचा रकाना रिकामा. 2021 पासून पीक पाहणी शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवर करायची असते, गटात उभं राहून फोटो काढायचा असतो. मस्कतला बसून ते होण्यासारखं नव्हतंच. आता आलोय तर करून टाकू म्हणून बागेत गेले, फोटो काढला, क्षेत्र भरलं. ॲप क्षेत्र घेईना.

गट 0.80 हेक्टरचा. त्यात लागवडीयोग्य 0.12, म्हणजे बारा गुंठे, आणि पोटखराबा, म्हणजे कागदोपत्री लागवडीला न येणारी जमीन, 0.68. ॲप लागवडीयोग्य क्षेत्रापुरतीच नोंद घेतं. दहा मीटरवर एक कलम धरलं तर बारा गुंठ्यांत बारा कलमं बसतात. बाकीची कलमं जिथे उभी आहेत तिथे कागदाप्रमाणे काही पिकतच नाही!

तालुक्याच्या कचेरीत उतारा दाखवला तर टेबलामागून उत्तर आलं, "पोटखराब्यावर पीक लागत नाही." पुढे काय करायचं, ते विचारलं तरी सांगितलं नाही. ते सांगितलं गावच्या भाऊसाहेबांनी, म्हणजे तलाठ्यांनी. पोटखराब्याचे दोन वर्ग असतात. 'अ' म्हणजे खडकाळ, लागवडीला अयोग्य म्हणून सोडलेली जमीन. 'ब' म्हणजे रस्ता, नाला, स्मशान अशा कामांसाठी राखलेली. 'अ' वर्गाची जमीन मालकाने लागवडीखाली आणली असेल तर ती लागवडीयोग्य क्षेत्रात घेता येते आणि तिला आकार, म्हणजे शेतसारा, बसतो. आमची 'अ'मधली होती. तुमचा उतारा हातात आला की आधी हा वर्ग बघा, बाकी सगळं नंतर.

अर्ज दिला. तो परत आला, नकाशा जोडा म्हणून. नकाशा जोडला तर सहखातेदारांची संमती हवी. दीर मुंबईला, नणंद पुण्याला. त्यांच्या सह्या आणल्या. मग पुन्हा परत. जमीन लागवडीखाली कधी आणली याचा पुरावा द्या.

हा शेरा वाचला तेव्हा मला रडू आलं. सासऱ्यांनी त्या कातळात सुरुंग लावून खड्डे पाडले, खालून डोक्यावरून माती आणून भरली. हे त्यांनी केलं ते 1990 च्या रोजगार हमीतल्या फळबाग योजनेतून. कृषी खात्याची माणसं येऊन कलमं मोजून गेली होती, अनुदान मिळालं होतं. एका खात्याने त्या झाडांना पैसे दिले आणि दुसऱ्या खात्याच्या दप्तरात तीच जमीन इतकी वर्षं खडकाळ राहिली. ही दोन दप्तरं एकमेकांना दाखवण्याचं काम शेतकऱ्याने का करायचं? सासरे आज हयात असते तर त्यांना कोणत्या तोंडाने पुरावा मागितला असता?

सासऱ्यांच्या ट्रंकेत मंजुरीचं पत्र सापडलं म्हणून निभावलं. आई-वडिलांच्या ट्रंका आवरताना सरकारी शिक्का असलेला एकही कागद टाकू नका.

पत्र जोडल्यावर भाऊसाहेबांचा पंचनामा झाला, मंडळ अधिकारी बघून गेले आणि फाईल वर गेली. ती वर नुसती पडून राहिली. मोहोर आला, तुडतुड्यांसाठी फवारण्या झाल्या, आंबा उतरला, पेट्या गेल्या, तरी आदेश नाही. त्या हंगामाचा विमा हुकला. दर वेळी एकच उत्तर, "साहेबांच्या सहीला आहे." शेवटी आदेश आला, फेरफार झाला, म्हणजे दप्तरात बदलाची नोंद झाली. नव्या उताऱ्यावर पोटखराब्याचा आकडा कमी झालेला पाहिला आणि मी कचेरीच्या पायरीवरूनच दिरांना फोन लावला.

एक राहिलं. भारतातला मोबाईल नंबर चालू ठेवा. नव्वद दिवस वापरला नाही तर तो बंद होऊ शकतो आणि पुढे दुसऱ्या कोणाला दिला जातो. आमचा तसाच गेला, मग ओटीपी येणार कुठे? आणि बांडगूळ नुसतं ओढून काढू नका, पुन्हा फुटतं. ज्या फांदीवर ते बसलंय ती गाठीच्या खालून तोडा आणि कापावर बुरशी रोखणारी बोर्डो पेस्ट लावा.

फेरफार झाला म्हणून पिकाची नोंद आपोआप होत नाही. पीक पाहणी पुन्हा करावीच लागते, तीही बागेत उभं राहून. नोंद केल्यावर अठ्ठेचाळीस तासांत दुरुस्ती करता येते, तेव्हा क्षेत्राचा आकडा त्याच दिवशी दुसऱ्या कोणाकडून तपासून घ्या. मी आमच्या ह्यांच्याकडून मोठ्याने वाचून घेतला.