यमनची डिस्क

बाईंनी पिशवीतून आधी कागद काढले. मशिनं अजून रिक्षातच होती, ती आमच्या पोरानं मागाहून आत आणली. जुलैचा पाऊस धो धो लागला होता, कोल्हापुरात राजारामपुरीच्या आमच्या गल्लीतून पाणी वाहत होतं, आणि बाईंनी ते दोन कागद प्लास्टिकमध्ये घालून वर रुमाल गुंडाळून आणले होते.

बाई म्हणजे माझ्या बहिणीला शाळेत गाणं शिकवणाऱ्या बाई. वय त्र्याहत्तर. घरी अजून चार-पाच मुली शिकायला येतात. माझा धंदा ऑडिओ रिपेअरिंगचा. अ‍ॅम्प्लिफायर, डेक, सीडी प्लेअर, जे येईल ते. तीस वर्षं झाली.

एक मशीन १९९०च्या दशकातलं साधं सीडी प्लेअर. दुसरं, भाच्यानं पुण्याहून आणून दिलेलं डीव्हीडी प्लेअर, सीडीपण वाजवणारं. भाचा हुशार आहे. दोन्हींच्या माहितीपुस्तिकेतली स्पेसिफिकेशनची पानं छापून, शेजारी शेजारी लावून, नव्याचा आकडा जिथं सरस तिथं त्यानं लाल खूण केली होती. लाल खुणाच खुणा. खाली लिहिलं होतं : जुनं भंगारात द्या.

"कागद म्हणतो हे चांगलं," बाई म्हणाल्या. "मला ते ऐकवत नाही. तू सांग, माझे कान गेलेत का?"

मी आधी कागद वाचला. या धंद्यात हे कागद वाचण्याची एक सवय लागते, ती भाच्याला नव्हती, आणि त्यात त्याची चूक नाही. सिग्नल-टू-नॉइजपुढं, म्हणजे मूळ आवाज मशिनाच्या सूसूपेक्षा किती वर आहे त्यापुढं, नव्याला ११५ डेसिबल, जुन्याला १००. पण सीडीवर आवाज १६ बिटमध्ये साठवलेला असतो आणि १६ बिटची कमाल साधारण ९८ डेसिबल. मग ११५ आले कुठून? निव्वळ शांतता भरलेली डिस्क लावली की पुष्कळ मशिनं आउटपुटच बंद करून टाकतात. दार लावून घेतल्यावर घरात किती शांत आहे ते मोजावं, तसा तो आकडा. जुन्याचे १०० सुद्धा त्यातलेच.

फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्स, म्हणजे किती खालपासून किती वरपर्यंतचे सूर वाजतात ते, नव्याचा ४४ किलोहर्ट्झपर्यंत. सीडीवर सेकंदाला ४४,१०० नमुने असतात, त्यामुळं २२ किलोहर्ट्झच्या वर तिच्यात काही मावतच नाही. तो आकडा ९६ किलोहर्ट्झच्या डीव्हीडीचा. शिवाय त्यापुढं प्लस-मायनस किती डेसिबल ते छापलेलंच नव्हतं. किती खालीवर होतं हे सांगितलं नाही तर २० ते २०,००० काय आणि ४४,००० काय, नुसती रुंदी कळते, सपाटी कळत नाही. जुन्याच्या कागदावर प्लस-मायनस ०.५ छापलं होतं. मला तोच आकडा जास्त प्रामाणिक वाटला.

डिस्टॉर्शन, म्हणजे मशिनानं सुरात केलेली भेसळ, एकाचं ०.००४ टक्के, दुसऱ्याचं ०.००२. ऐकायला दुप्पट फरक. पण ०.००४ टक्के म्हणजे मूळ सुराच्या ८८ डेसिबल खाली, आणि बाईंच्या घरच्या स्पीकरचं स्वतःचं डिस्टॉर्शन याच्या कितीतरी पट. वर हे मोजतात १ किलोहर्ट्झच्या एकाच सुरावर, तोही पूर्ण आवाजात. तानपुऱ्याचा झंकार विरत जातो तिथं काय होतं, ते या आकड्यात नसतं.

एवढं बाईंना समजावून सांगितलं आणि म्हणालो, "दोन्ही मशिनं ऐकायला सारखीच असणार. फरक असेल तर पातळीचा. नव्याचा आवाज किंचित मोठा असेल, त्यानं टोचत असेल."

हे मी अगदी खात्रीनं बोललो, कारण दहातल्या नऊ तक्रारींत तेच निघतं. अर्धा-एक डेसिबल जास्त आवाज कानाला मोठा लागत नाही, वेगळा लागतो.

मोजून पाहिलं. टेस्ट डिस्कवरचा ४०० हर्ट्झचा सूर लावला. साधा मल्टिमीटर एसी व्होल्टेज तेवढ्यापर्यंतच नीट दाखवतो, म्हणून ४००. जुनं १.९३ व्होल्ट, नवं २.२८. जवळजवळ दीड डेसिबल. मी मनात म्हटलं, सापडलं. लाइनमध्ये प्रीसेट, म्हणजे पातळी कमीजास्त करायचा छोटा स्क्रू, घालून दोन्ही एका आकड्यावर आणली, स्विचबॉक्स जोडला, बाईंना स्पीकरसमोरच्या खुर्चीत बसवलं. पोराला पाठीमागं उभं केलं. तो नाणं उडवून मशीन निवडणार आणि बिलाच्या पाठीमागं लिहून ठेवणार. बाई फक्त जुनं की नवं एवढंच सांगणार. दुकानातल्या दोन-तीन डिस्क आलटूनपालटून दहा वेळा वाजवल्या. बाईंचं बरोबर आलं पाच वेळा.

"कळत नाहीये रे," त्या म्हणाल्या. चेहरा पडला होता. मला वाईट वाटलं, पण माझं म्हणणं खरं ठरलं होतं. वायरी काढायला हात पुढं केला.

तेवढ्यात बाईंनी पर्समधून आणखी एक डिस्क काढली. "मी ही ऐकते. यमन आहे. भावानं १९८६ला परदेशातून आणलेली. ही लाव एकदा."

दोन्ही मशिनांवर एकेक प्रत वाजवायची तर डिस्क दोन लागतात. इथं एकच. म्हणून दर वेळी एका मशिनातून काढून दुसऱ्यात घालायची, ट्रेचा आवाज ऐकू येऊ नये म्हणून मधे दोन्ही ट्रे उघडझाप करायचे, असं करत दहा फेऱ्या घेतल्या. तास गेला. पाऊस तसाच. बाई डोळे मिटून बसल्या होत्या. सुरुवातीचा तानपुरा चार सेकंद वाजला की हात वर करायच्या आणि सांगायच्या. नवं. जुनं. जुनं. नवं.

पोरानं बिल माझ्यापुढं धरलं. "आण्णा, दहातलं दहा! एकबी चुकलं न्हाई."

नाणं उडवून दहापैकी दहा येण्याची शक्यता हजारात एक. मी खुर्ची ओढून बसलो.

"बाई, तुम्हाला नक्की काय ऐकू येतं?"

"जवारी," त्या म्हणाल्या. "तानपुऱ्याच्या तारेचा तो झंकार. जुन्या मशिनावर जवारी गोल आहे. नव्यावर जास्त खुली. मिरजेला कारागीर जवारी काढतात ते मी शेजारी बसून पाहिलंय. घोडीवर तारेखालचं सूत केसभर सरकलं तरी तानपुरा बदलतो. इथं कुणीतरी सूत भलत्याच जागी नेऊन ठेवलंय. आणि बाईंचा आवाजही, स आला की सुईसारखा येतो."

गाणाऱ्या बाईंचा 'स' म्हणजे उच्चारातला स, षड्ज नव्हे, हे त्यांनी मुद्दाम सांगितलं. आता मलाही ऐकू यायला लागलं. एकदा कुठं बघायचं ते कळलं की दिसतं, तसं.

मला वाटलं, दोष जुन्यात असणार. तीस वर्षांचं मशीन, आउटपुटचे कपॅसिटर वाळले असतील, वरचा भाग दबला असेल. पण मग दुकानातल्या डिस्कवर फरक का नाही? हा प्रश्न मनात ठेवूनच झाकण उघडलं. या मॉडेलची सर्किटची झेरॉक्स माझ्या फाइलीत होती. आउटपुटच्या फिल्टरवरून मागं मागं बोट फिरवत गेलो तर प्रत्येक चॅनेलला एकेक छोटा ट्रान्झिस्टर दिसला, जो एक जादा कपॅसिटर फिल्टरला जोडतो किंवा सोडतो. त्या ट्रान्झिस्टरांची लाइन जात होती डिस्कवरची माहिती उलगडणाऱ्या डिकोडर चिपच्या एका पिनकडं. पिनवर लिहिलेलं होतं : एम्फ.

मीटरचा प्रोब त्या पिनवर टेकवला. दुकानातली डिस्क : शून्य व्होल्ट. दुसरी डिस्क : शून्य. यमनची डिस्क घातली, ट्रे आत गेला, डिस्क फिरली, आणि काटा उडून पाच व्होल्टवर जाऊन थांबला. माझा मीटर अजून काट्याचाच आहे. मी तो काटा बघत राहिलो. हे मी कोर्समध्ये शिकलो होतो आणि नंतर इतक्या वर्षांत एकदाही समोर आलं नव्हतं.

सीडी बाजारात आली १९८२ला. त्या काळातले कन्व्हर्टर, म्हणजे आवाजाचे आकडे आणि आकड्यांचा आवाज करणाऱ्या चिपा, आजच्याइतके शांत नव्हते. म्हणून काही डिस्क रेकॉर्ड करतानाच वरचे सूर मुद्दाम चढवायचे आणि वाजवताना तेवढेच उतरवायचे. उतरवताना कन्व्हर्टरची सूसूपण त्याबरोबर खाली जाते. एफएम रेडिओत आजही हेच चालतं. याला प्री-एम्फसिस म्हणतात. सीडीसाठी त्याचं मापही ठरलेलं आहे, ५० आणि १५ मायक्रोसेकंद. हिशेब केला तर ५ किलोहर्ट्झला साडेचार डेसिबल चढ, १०ला साडेसात, २०ला साडेनऊ. आणि डिस्कवर आवाजाच्या शेजारीच एक खूण नोंदलेली असते : हा ट्रॅक चढवलेला आहे, उतरवून वाजवा. जुनं मशीन ती खूण वाचत होतं आणि पाळत होतं. नवं पाळत नसावं.

नसावं म्हणून भागणार नव्हतं. मी कॉम्प्युटरवर एक डिस्क तयार केली. १ किलोहर्ट्झचा सूर आणि १० किलोहर्ट्झचा सूर, एकाच पातळीचे. तेच दोन सूर पुन्हा, पण त्या ट्रॅकना ती खूण लावून. जुन्या मशिनाला सीडी-आर फारशी मानवत नाही, दोनदा नाकारून तिसऱ्यांदा घेतली. ऑसिलोस्कोपवर १ किलोहर्ट्झ पाच घरं उंच लावला. खूण नसलेला १० किलोहर्ट्झही पाच घरं. खूण असलेला : दोन घरांच्या जरा वर. गणितानं तेवढाच यायला हवा. आता नवं मशीन. खूण नसलेला पाच घरं. खूण असलेला, पाच घरं. तसूभर हलला नाही.

बाई माझ्या खांद्यावरून पडद्याकडं बघत होत्या. मी त्यांना म्हटलं, "तुमचे कान शाबूत आहेत बाई. हे मशीन तुमची डिस्क चुकीची वाजवतंय."

मला स्वतःला एक गोष्ट लागून राहिली होती. त्र्याहत्तराव्या वर्षी १० किलोहर्ट्झच्या वरचं फारसं ऐकू येत नाही, म्हणून पहिल्यापासून मी त्यांचं बोलणं हलकं धरलं होतं. पण हा चढ ३ किलोहर्ट्झलाच अडीच डेसिबलच्या घरात असतो, आणि जवारीचा सगळा झंकार तिथूनच वर पसरलेला आहे. त्यांना ऐकू यायलाच हवं होतं. ऐकायला हवं होतं ते मी.

मग कागद पुन्हा हातात घेतले. जुन्याच्या पानावर अगदी तळाला, वजन आणि विजेच्या वापराच्या वर, एक ओळ होती : डी-एम्फसिस, ऑटोमॅटिक. म्हणजे चढवलेलं आपोआप उतरवतं. तिच्यात आकडा नाही, त्यामुळं भाच्यानं तिला खूण केली नव्हती. नव्याच्या पानावर ती ओळच नव्हती. भाच्याला तिथूनच फोन लावला. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं, दोनदा विचारलं, आणि म्हणाला, "म्हणजे हे चाचणीत येतच नाही?" बरोबर. टेस्ट डिस्कच्या नेहमीच्या ट्रॅकला ती खूण नसते. मशीन सगळ्या मोजमापात उत्तम येणार, आणि ही एक डिस्क वाईट वाजवणार.

नव्या मशिनात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं. चूक चिपच्या आतल्या प्रोग्रॅममध्ये, तिथं माझी सोल्डरिंग आयर्न पोचत नाही. मी यमनची डिस्क कॉम्प्युटरवर घेतली, चढ तेवढ्याच मापानं उतरवला आणि खूण नसलेली एक प्रत करून दिली. जुन्याची लेन्स पुसली, रुळांना ग्रीस लावलं, ट्रेचा बेल्ट बदलला. त्याचा पिकअप, म्हणजे डिस्क वाचणारा भाग, आता थकलाय, तसलाच एक मिळतो का बघा म्हणून दोघा-तिघांना सांगून ठेवलं.

प्रत नव्या मशिनावर लावली तेव्हा सात वाजून गेले होते, शटर अर्धं ओढलेलं. तानपुरा सुरू झाला. बाईंनी या खेपेला हात वर केला नाही. बंदिश संपेपर्यंत बसून राहिल्या, आणि पोरगंही चहाचे ग्लास तसेच धरून उभं राहिलं.

पुढच्या गुरुवारी बाई पुन्हा आल्या, पिशवीत अकरा डिस्क घेऊन. सगळ्या भावानं त्याच काळात पाठवलेल्या. मी जुन्या मशिनाचं झाकण पुन्हा उघडलं, प्रोब पिनवर टेकवला आणि एकेक घालत गेलो. बाई काट्याकडं बघत होत्या. चार डिस्कना पाच व्होल्ट आले. त्या चारांच्या कव्हरवर त्यांनी पेन्सिलीनं, शाळेतल्या त्यांच्या त्याच वळणदार अक्षरात लिहिलं : जुन्यावर.