पोह्यांना जाळी लागली की

पाऊस लागला की इंदूरच्या घराघरांत संध्याकाळी छताच्या कोपऱ्यात राखाडी पाखरं बसलेली दिसू लागतात. बहुतेक घरांत ती चपलेने मारतात आणि विषय संपला असं धरतात. पण उडणारं पाखरू धान्याचा कणही खात नाही. ते आठ-पंधरा दिवस जगतं, तेवढ्यात मादी शंभर-दीडशे अंडी घालून मोकळी होते. खाणारी असते अळी, आणि ती एखाद्या डब्यात किंवा विसरलेल्या पिशवीत असते. ती जागा सापडेपर्यंत बाकी मेहनत वाया जाते.

शोधताना अळीपेक्षा जाळी बघा. चमच्याने थोडे पोहे हळूच वर उचला. एकेक पोहा सुटा पडायला हवा. चार-सहा पोहे धाग्यात ओवल्यासारखे लटकत वर आले, किंवा रव्यात शेंगदाण्याएवढी गुठळी निघाली आणि चुरडल्यावर आत रेशमी नळी दिसली, तर मूळ तिथेच आहे. टोके आणि सोंडे अशी जाळी करत नाहीत. कबुतरांसाठी गॅलरीत ठेवलेली ज्वारी, गेल्या वर्षीच्या सुक्या मिरच्या, खोबरं, अक्रोड, उपासाचं पीठ, हेही उघडून बघा. बहुतेक वेळा मूळ अशाच, कुणी हात न लावलेल्या जागी सापडतं.

एक पाखरू काचेच्या बरणीत धरून फोनच्या कॅमेऱ्याने मोठं करून पाहा. पंख सरसकट मळकट राखाडी, शिरा जराशा गडद, बाकी काही नक्षी नाही, तर तो कॉर्सिरा, तांदळातला पतंग. आपल्याकडे पोहे, रवा, ज्वारीत हाच जास्त. पुढच्या पंखाचा बुडाकडचा तिसरा हिस्सा फिका आणि उरलेला तांब्याच्या रंगाचा असेल तर प्लोडिया. तो सुक्या मेव्यात हमखास. प्लोडियाला इंग्रजीत ‘इंडियन मील मॉथ’ म्हणतात, पण त्या नावाचा भारताशी संबंध नाही. अमेरिकेत मक्याच्या पिठाला ‘इंडियन मील’ म्हणत, त्यावरून ते पडलं. तिसरा सिटोट्रोगा: लहान, पिवळट, मागच्या पंखाचं टोक बोटासारखं निमुळतं. याची अळी एकाच दाण्यात वाढते, म्हणून जाळी दिसतच नाही, दाण्याला गोल भोक तेवढं दिसतं. हा शेतात उभ्या पिकावरही लागतो आणि धान्यासोबत घरी येतो.

ही ओळख पटणं फार गरजेचं आहे, कारण ऑनलाइन मिळणाऱ्या चिकट सापळ्यांत बहुधा प्लोडिया आणि त्याच्या जवळच्या पतंगांच्या मादीचा गंध असतो. तो गंध १९७१ मध्ये ओळखला गेला. कॉर्सिराचं रसायन वेगळंच आहे, त्यामुळे तो या सापळ्याकडे फिरकत नाही. लोक पैसे खर्च करतात, सापळा रिकामा पाहून ‘घर स्वच्छ झालं’ असं समजतात, आणि तिकडे रव्यात जाळी वाढत राहते. प्लोडिया असला तरी सापळ्यात फक्त नर येतात. त्याने कीड संपत नाही. एकेका खोलीत चार-पाच दिवस ठेवून जास्त नर कुठे अडकतात ते बघा, त्याच्या आसपास मूळ असतं.

कॉर्सिराचं जीवनचक्र इतकं नेमकं ठाऊक आहे कारण आपल्या देशातल्या जैविक कीडनियंत्रणाच्या प्रयोगशाळा तो मुद्दाम पाळतात. त्याच्या अंड्यांवर ट्रायकोग्रामा ही इवलीशी गांधीलमाशी वाढवून शेतात सोडतात. एक घनसेंटिमीटरमध्ये १६ ते १८ हजार अंडी मावतात. त्याला खायला देतात अडीच किलो बाजरीचा भरडा, १०० ग्रॅम शेंगदाण्याचा कूट आणि थोडं यीस्ट. यातून स्वयंपाकघरासाठी थेट धडा मिळतो: त्याला भरडलेलं आणि थोडं तेलकट आवडतं. म्हणून रवा, सातू, कण्या, भुसा असलेले गहू आधी जातात. अख्खं, चाळलेलं, कडक वाळलेलं धान्य त्याला अवघड जातं.

आता साफसफाई. एकदा कपाट पुसून भागत नाही. पूर्ण वाढलेली अळी अन्न सोडून भटकते आणि फळीच्या खाचेत, कॅलेंडरमागे, छताच्या कडेला कोष करते. तीस अंशांच्या आसपास अंड्यापासून पतंगापर्यंत पाच-सहा आठवडे जातात. त्यामुळे आज डबा टाकला तरी महिनाभराने पुन्हा पाखरं दिसू शकतात. ती नवीन लागण नसते, लपलेल्या कोषांतून निघालेली असतात. खाचांत व्हॅक्यूम फिरवा, नसेल तर जुना टूथब्रश आणि साबणाचं पाणी. आठ आठवडे लक्ष ठेवा.

धान्य वाचवायचं तर उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये एक किलोची सपाट पिशवी एक आठवडा. पाच किलोचं पुडकं आत ढकललं तर मधला भाग गार व्हायला फार वेळ लागतो आणि अंडी वाचतात. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानावर येईपर्यंत उघडू नका, नाहीतर दव धरून बुरशी येते. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात वाढ थांबते, पण मरण्याची खात्री नाही. रवा मंद आचेवर, हाताला चांगला चटका बसेपर्यंत भाजला की अंडीही मरतात. उन्हात नुसतं पसरलं तर अळ्या सावलीकडे सरकतात. खाली काळं आणि वर पारदर्शक प्लास्टिक, मध्ये दोन बोटं जाडीचा थर आणि कडा बंद, असं मे महिन्यात केलं तर आतली उष्णता ५५-६० अंशांच्या वर जाते.

डब्याबाबत एक गोष्ट सांगतेच: नवजात अळी जेमतेम मिलिमीटरभराची असते, ती साध्या झाकणाच्या आट्यांतून आत शिरते, आणि मोठी झालेली पातळ प्लास्टिक कुरतडते. रबर लावलेल्या पुड्या म्हणजे उघडी दारं. रबरी गॅस्केट असलेलं झाकण घ्या.

वर्षाच्या गव्हाची कोठी काठोकाठ भरा. पतंग राशीत खोल जात नाहीत, वरच्या वीतभर थरातच अंडी घालतात. म्हणून दर पंधरा दिवसांनी तेवढाच थर चाळून बघितला तरी पुरतं. कडुनिंबाचा पाला काही दिवस पतंगाला दूर ठेवतो, आत असलेल्या अळीला काही करत नाही. पाऱ्याच्या गोळ्या अन्नात नकोतच.

मंडीत ज्यांना सल्फास म्हणतात त्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घरात आणू नका. तीन ग्रॅमची एक गोळी एक ग्रॅम फॉस्फीन वायू सोडते. दहा बाय दहाच्या, दहा फूट उंच खोलीत तो सुमारे २५ पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग, होतो. कामाच्या जागी आठ तासांसाठी अमेरिकेत मान्य असलेली मर्यादा ०.३ पीपीएम आहे. वायू झोपायच्या खोलीपर्यंत पोहोचतो, आणि त्याच्यावर उतारा नाही.