काळ्या गोळ्याने अडवलं: रिमोटची गाडी खोलण्याचा माझा अनुभव

स्वस्त खेळण्यांच्या बोर्डावर आयसीच्या, म्हणजे पाय आणि नंबर असलेल्या चिपच्या जागी काळा गोळा बसवायची पद्धत ज्याने कुणी काढली, त्याच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. उघडी चिप थेट बोर्डावर चिकटवायची, केसाएवढ्या तारांनी जोडायची आणि वरून काळं इपॉक्सी ओतायचं. ना नंबर, ना पाय. स्वस्तात पडतं, ते समजतं मला. पण ज्याला शिकायचंय त्याने काय करायचं?

गाडी नाशिकच्या गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारातली. साडेतीनशे सांगितले, अडीचशेला दिली. २७ मेगाहर्ट्‌झवर, म्हणजे या रेडिओ फ्रिक्वेन्सीवर चालणारी मुद्दाम शोधून घेतली. डब्यावर लिहिलेलं असतं, नाहीतर रिमोटची लांब एरियल बघून ओळखायची. शिकायला २.४ गिगाहर्ट्‌झवाली घेऊ नका. तिच्यात रेडिओपासून डिकोडरपर्यंत (रिमोटचा निरोप ओळखणाऱ्या भागापर्यंत) सगळं बहुधा एका इवल्याशा चिपमध्ये कोंबलेलं असतं, मल्टिमीटर लावायला जागाच उरत नाही.

खोलायला काही कष्ट नाहीत. चार स्क्रू काढले की बॉडी वेगळी, आणखी दोन काढले की बोर्ड हातात. मागे धावायची मोटर, पुढे वळवायची छोटी मोटर आणि चाकं सरळ करणारी स्प्रिंग. मोटरच्या दोन टोकांवर १०४ लिहिलेला चपटा कंडेन्सर असतो, म्हणजे ०.१ मायक्रोफॅरड. ब्रशच्या ठिणग्यांचा त्रास रेडिओला होऊ नये म्हणून तो लावतात, निरुपयोगी समजून उपटू नका.

आणि बोर्डाच्या मधोमध तो गोळा.

मी सातपूरच्या आयटीआयमधून इलेक्ट्रॉनिक्स केलंय. आयसीची खाच डावीकडे धरायची, खालच्या डाव्या कोपऱ्यातला पाय एक नंबरचा, हे हाताला पाठ झालेलं. इथे खाचच नाही. बोर्ड घेऊन एमजी रोडच्या एका पार्टवाल्याकडे गेले. त्यांनी चष्मा वर केला, बोर्ड उलटसुलट केला. “ताई, हे रिपेअर होत नसतं. नवीन गाडी घ्या.” म्हटलं, “काका, बिघडलेली नाहीच, चालतेय. मला समजून घ्यायचीय.” त्यावर ते जे बघत राहिले! पुढच्या दुकानातही तोच संवाद, फक्त काकांच्या जागी काकांचा मुलगा. चालू वस्तू कुणी खोलून बघायला आणतं, हे गिऱ्हाइकाच्या कुठल्याच खान्यात बसत नसावं.

घरी येऊन बोर्डावरच्या तांब्याच्या पट्ट्यांचा माग घेत गेले. गोळ्यातून बाहेर जाणारी बाजू सरळ होती. मोटरपाशी ट्रान्झिस्टरांचा घोळका, ८०५० आणि ८५५०, म्हणजे एच-ब्रिज, मोटर दोन्ही दिशांना फिरवणारी जोडणी. त्यांच्या बेसला, म्हणजे ट्रान्झिस्टर चालू-बंद करणाऱ्या पायाला रेझिस्टन्स, रेझिस्टन्सचं दुसरं टोक गोळ्यात. रिमोटचं बटण दाबलं की त्या पट्टीवर जवळपास तीन व्होल्ट येतात, सोडलं की शून्य. पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे अशा चार पट्ट्या सापडल्या. मोटरला वेग कमीजास्त करणं माहीतच नाही, पूर्ण चालू नाहीतर पूर्ण बंद. म्हणून ही गाडी सोफ्याला अशी धडकते.

आत येणाऱ्या बाजूने मात्र वीट आणला. एरियलपाशी कॉइल, एकच ट्रान्झिस्टर, तिथून सिग्नल गोळ्यात शिरतो. ठीक. मग दुसऱ्या पट्टीने बाहेर येतो, कंडेन्सर-रेझिस्टन्समधून जातो आणि परत गोळ्यात शिरतो. परत बाहेर, परत आत. कुठली पट्टी कुठे जोडलीय ते मल्टिमीटरची बीप वाजवून चार चार वेळा बघितलं, शेजारच्या वहिनी विचारायला आल्या की कुकर आहे का टायमर. एकच सिग्नल आतबाहेर का करतोय, खरा इनपुट कोणता, काही लागेना. रात्री डोळे मिटले की हिरव्या-तपकिरी पट्ट्याच दिसायच्या.

सुटलं ते टीएक्स-२ (रिमोटमधली चिप) आणि आरएक्स-२ (गाडीतली चिप) या जोडीच्या डेटाशीटमुळे, म्हणजे चिपच्या माहितीपत्रकामुळे. वर्षानुवर्षं असल्या गाड्यांत हीच जोडी किंवा तिच्या नकला वापरतात. आरएक्स-२ ला १६ पाय. त्यात डिकोडर आहेच, शिवाय कच्चा सिग्नल मोठा करायला सुटे इन्व्हर्टर दिलेत. सिग्नल १४ नंबरच्या पायावर आत, १५ वर बाहेर, १६ वर आत, १ वर बाहेर, आणि मग कुठे ३ वर डिकोडरच्या खऱ्या इनपुटला. आतबाहेर करण्याचं कोडं हेच होतं! गोळ्यात चिप तीच, फक्त अंगावर कपडे नाहीत. एवढं कळायला मला जो वेळ लागला, त्यात नंबर छापलेली आयसी असती तर पुऱ्या गाडीचा नकाशा काढून झाला असता.

खात्री कशी करायची तेही सांगते. ज्या रेझिस्टन्सची दोन्ही टोकं गोळ्यात जातात आणि वाटेत दुसरं काहीच नाही, तो चिपच्या घड्याळाचा. माझ्यात लाल-काळा-पिवळा, म्हणजे २०० किलोओहम, डेटाशीटच्या जवळ. सिग्नल मोठा करणाऱ्या त्या इन्व्हर्टरांच्या रेझिस्टन्सची टोकंही गोळ्यातच जातात, पण तिथे कंडेन्सर जोडलेला असतो.

हो, कॉइलच्या मधला स्क्रू फिरवू नका. कितीही हात शिवशिवले तरी. त्याच्यावरच रिसीव्हरची फ्रिक्वेन्सी जुळवलेली असते.

सिग्नल बघायला ऑसिलोस्कोप (सिग्नलचा आकार स्क्रीनवर दाखवणारं यंत्र) लागत नाही. रिमोटचा निरोप म्हणजे पल्सची, चालू-बंद ठोक्यांची रांग. पल्स ५०० हर्ट्‌झ आणि १ किलोहर्ट्‌झचे, म्हणजे कानाला ऐकू येणारे. गाडीच्या बाजूने बघायला गेलात तर रिमोट बंद असताना नुसती खरखर मिळते, या एका ट्रान्झिस्टरच्या रिसीव्हरचा स्वभावच तो. त्यामुळे रिमोट खोला. त्यातही गोळा आहे, पण क्रिस्टलच्या ट्रान्झिस्टरकडे जाणारी पट्टी एकच. तिथून १०० किलोओहम आणि १० किलोओहमच्या रेझिस्टन्सनी व्होल्टेजचा भाग पाडून, मध्ये १०४ चा कंडेन्सर घालून जुन्या लॅपटॉपच्या माइकमध्ये घेतलं. नवा लॅपटॉप नको, घरात भांडणं होतील.

पल्सची डोकी तिरकी दिसतात, ती माइकच्या सर्किटमुळे. मोजायला अडत नाही. आधी चार रुंद पल्स, मग अरुंद. पुढे जायला १०, मागे जायला ४०, डावीकडे ५८, उजवीकडे ६४. स्क्रीनवर बोट ठेवून मोजले, १० म्हणजे १० च. रुंद पल्स २ मिलिसेकंदाचा, अरुंद १ चा, म्हणजे पुढे जायचा निरोप १८ मिलिसेकंदात पोचतो आणि उजवीकडे वळायचा ७२ मध्ये. निरोपात गाडीचं नाव-गाव काहीच नसतं, त्यामुळे त्याच फ्रिक्वेन्सीची आणि असल्याच चिपची शेजारची गाडीही तुमच्या रिमोटवर धावते. वहिनींच्या मुलाची धावली.

सेलच्या डब्याच्या तारा फार नाजूक असतात, बोर्ड सारखा उलटवला की तुटतात. आधीच थोडं गरम गोंद लावून ठेवा आणि खोलण्यापूर्वी कुठली तार कुठे जाते त्याचा फोटो काढा. बोर्ड परत बसवताना वळायच्या मोटरची स्प्रिंग उडते, तेव्हा ते काम फरशीवर नको, परातीत करा.