सात वर्षं, सात दिवस

विक्रोळीच्या आमच्या फ्लोअरवर रात्री दोनला चहाचा ब्रेक असतो. त्या रात्री मी उठणार तेवढ्यात टीएलने, म्हणजे टीम लीडरने, माझ्या क्यूमध्ये एक डिनायल, म्हणजे नाकारलेला क्लेम टाकलं. अमेरिकेतल्या इन्शुरन्स कंपनीने क्लेम परत पाठवला होता. कारण क्रमांक 6: प्रोसीजर आणि पेशंटचं वय जुळत नाही.

कोडिंग, म्हणजे उपचारांना बिलासाठी ठरलेले कोड लावणं, माझंच. लहान मुलाचं कॉक्लियर इम्प्लांट, ऐकू यावं म्हणून कानात बसवतात ते यंत्र. सर्जरीचा क्लेम पास झाला होता. तिथे 69930 हा एकच कोड लागतो. कानामागचं मास्टॉइड हाड कोरणं त्यातच धरलेलं असतं. नवी पोरं ते वेगळं लावतात आणि तोंडघशी पडतात. पहिल्या वर्षी मीही पडले होते. अडकलं होतं ते पुढचं काम: ऑडिओलॉजिस्टने, म्हणजे श्रवणतज्ज्ञाने, त्या यंत्राचा कानाबाहेरचा प्रोसेसर पहिल्यांदा चालू करून प्रोग्रामिंग केलं, ते. मूल सातच्या आतलं असेल तर 92601, सात पूर्ण असतील तर 92603. वय धरायचं ते त्या दिवसाचं, ऑपरेशनच्या दिवसाचं नव्हे.

नोटमध्ये ‘सहा वर्षांचा मुलगा’ असं स्वच्छ लिहिलेलं. जन्मतारीखही मी पाहिली होती, पक्कं आठवत होतं. मग?

फ्लोअरवर कागद-पेन, मोबाइल काही चालत नाही, सगळं लॉकरमध्ये. बोटांच्या पेरांवर मोजायला घेतलं. ऑपरेशन 02/20. स्विच-ऑन 03/14. जन्म 03/07. इथे बोट अडलं. पहिल्या दोन तारखा चुकीच्या वाचताच येत नाहीत, चौदावा नि विसावा महिना कुठून आणणार? पण 03/07 मी आपल्यासारखी वाचली होती, 3 जुलै. ती होती 7 मार्च. प्रोसेसर चालू झाला तेव्हा पोरगं सात वर्षं सात दिवसांचं होतं. आणि ते ‘सहा वर्षांचा’? ऑपरेशनआधीच्या नोटमधून जसंच्या तसं चिकटवलेलं. कॉपी-पेस्ट तिकडेही चालतंच.

नऊ वर्षं हे काम करतेय. अमेरिकन तारखेत महिना आधी, हे झोपेतही कळतं. पण क्लेम केला त्या दुपारी मुलीच्या शाळेचा फॉर्म भरून आले होते, बहुतेक तीच पद्धत डोक्यात राहिली. टीएलला सरळ सांगितलं, चूक माझी. तो फक्त “हं” म्हणाला. त्याचं “हं” मेमोपेक्षा लागतं.

कोड बदलला. बदली क्लेमसाठी फॉर्मवर जो आकडा टाकतात तोही 7, हसूच आलं. पाठवण्याआधी नोट शेवटपर्यंत वाचली; पहिल्यांदा वय आणि तारीख बघून पुढे सरकले होते. पहिला आवाज आल्यावर मुलगा दचकला, मग कितीतरी वेळ आईच्या ओठांकडे बघत राहिला, असं खाली लिहिलं होतं.

सकाळी कॅबने भांडुपला उतरले. मुलगी झोपलेली. तिच्या दप्तरातून फॉर्म काढला, अजून दिलाच नव्हता. जन्मतारीख: 08/05. आठ मे की पाच ऑगस्ट, क्षणभर माझं मलाच कळेना. पेन घेतलं आणि महिना अक्षरात लिहिला.